नाक्यावरची खोली

“मयताचं पूर्ण नाव?”

“कलाबाई सुखदेव वानखडे,” खिडकीपलीकडून रवी म्हणाला.

नाव प्रेमानंद हिवाळेला ठाऊक होतं. तरी विचारावं लागतं. नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर त्याची चोवीस वर्षं गेली होती आणि विचारल्याशिवाय एकही रकाना भरायचा नाही, ही हाताची सवय होऊन बसली होती. वय? त्रेसष्ट. व्यवसाय? “लोकाच्या वावरात जाये,” रवी म्हणाला आणि जरा थांबून, “पडली तवापासून नाई.” प्रेमानंदने ‘शेतमजूर’ लिहिलं. मृत्यूचं ठिकाण, राहतं घर.

“काय झालं होतं?”

“मांडीचं हाड मोडलं व्हतं ते तर तुम्हाले माहीतच हाय. मंग पडून पडून पाठीले जखमा झाल्या. त्याच्यात ताप भरला. चार दिवस ताप उतरलाच नाई, साहेब.”

पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं. मागे उभ्या असलेल्या माणसाने घसा खाकरला तेव्हा प्रेमानंदने रकाना पुरा केला आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. रवीने सही केली. जाता जाता तो वळला. आवाजात टोमणा नव्हता, ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसंच विचारलं त्याने.

“झालं का हो तुमचं उद्घाटन?”

“नाही अजून. मंगळवारी आहे.”

“बरं,” म्हणून रवी गेला.

अकरा दिवसांपूर्वी हाच रवी ह्याच खिडकीशी एअर बेड मागायला आला होता. आईच्या पाठीला लाली आलीय, डॉक्टरांनी हवेची गादी सांगितलीय म्हणाला. प्रेमानंदने त्याला सांगितलं होतं, “तीन दिवस थांब. उद्घाटन झालं की पहिला नंबर तुझा.” गादी होती. एक नाही, तीन होत्या. खोलीला कुलूप होतं आणि कुलपाची चावी प्रेमानंदच्याच ड्रॉवरमध्ये होती.

ती खोली म्हणजे मेहकरच्या रस्त्यावरचा जुना जकात नाका. प्रेमानंद नोकरीला लागला तो तिथेच. ट्रक थांबवायचा, माल बघायचा, पावती फाडायची. पुढे जकात बंद झाली, माणसं इकडेतिकडे वाटली गेली, प्रेमानंद नोंदणीच्या खिडकीत येऊन बसला आणि नाका ओस पडला. मृत्यूची नोंद करायला आलेली माणसं लगेच उठत नाहीत, जरा रेंगाळतात. त्या रेंगाळण्यात प्रेमानंदला कळायचं की आता घरात बाबांची व्हीलचेअर पडून आहे, आजीचा वॉकर माळ्यावर टाकलाय, बघितलं की जीव खालीवर होतो. एकदा त्याने सहज म्हटलं, द्या मला, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. तो पहिला वॉकर त्याने सायकलच्या कॅरिअरला बांधून नाक्यावर नेऊन ठेवला. अकरा वर्षांत खोली भरली. पलंग, खुर्च्या, कुबड्या, करोनानंतर आलेली ऑक्सिजनची दोन मशीनं. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं, वहीत नाव लिहावं. बसस्टँडजवळचा वेल्डर शकील मोडलेलं जोडून द्यायचा. पाच-सहा जण आळीपाळीने खोली उघडायचे. दाराला तेव्हा नुसती कडी होती.

अकरा वर्षं प्रेमानंदने त्या खोलीत विजेचं मीटर मागितलं. सात मुख्याधिकारी येऊन गेले. आठव्या मुख्याधिकारी बाईंनी आल्या आल्या महिनाभरात खोली बघितली आणि बघून त्यांचे डोळे भरून आले, हे प्रेमानंदने स्वतः पाहिलं होतं. त्यांनी ठराव केला. मीटर आलं, रंग आला, दारापुढे व्हीलचेअर चढेल असा सिमेंटचा उतार झाला. बारा स्वयंसेवकांना फोटोची ओळखपत्रं मिळाली. शकीलने आपलं ओळखपत्र गॅसच्या सिलिंडरला अडकवून ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, “फोटो भारी आला ना बे?” मग वस्तूंना नंबर पडले, यादी झाली, फोटो झाले, आणि उद्घाटनापर्यंत एकही वस्तू हलू नये म्हणून दाराला कुलूप लागलं. कुलपावर कागदाची पट्टी, पट्टीवर शिक्का आणि बाईंची सही. पाहुणे मुंबईचे होते. त्यांनी तारीख तीनदा बदलली.

रवी गेल्यावर त्या दिवशी प्रेमानंदचं लक्ष लागेना. एका बाळाच्या जन्माची तारीख त्याने दोनदा चुकवली. पाणी प्यायला उठला आणि न पिताच परत आला. खिडकीतून बाहेर बघितलं, ड्रॉवर उघडला, चावी बघितली, बंद केला. चार वाजता तो मुख्याधिकारी बाईंच्या केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला.

“मॅडम, नाक्याचं जरा बोलायचं होतं.”

“या ना, हिवाळे.” बाई तिशीतल्या, सतत फोनवर, पण माणसाशी बोलताना फोन पालथा ठेवायच्या. “मांडव ठरला का?”

“ठरला. मॅडम, यादीत अकरा जण थांबलेत. त्यांतल्या एक बाई वारल्या. त्यांच्या मुलाला मी थांब म्हटलं होतं.”

बाईंनी कपाळावर हात फिरवला. “त्या गादीमुळेच वाचल्या असत्या, असं आपण म्हणू शकतो का?”

“नाही म्हणू शकत.”

“हिवाळे, मला वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण चारच दिवस राहिले. पुढच्या वर्षी जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याला असं केंद्र करायचा प्रस्ताव मी वर पाठवलाय. पाहुण्यांनी खोली भरलेली बघितली, की तो मंजूर होईल. एका खोलीच्या तेरा खोल्या होतील. अर्ध्या रिकाम्या खोलीचं काय दाखवू मी त्यांना?”

त्यांचं चुकत होतं असं प्रेमानंदला म्हणता येईना. तेरा खोल्या ही काही लहान गोष्ट नव्हती. तो “बरं, मॅडम” म्हणाला आणि बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर त्याला आणखीच कोंडल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी त्याने दोन घास खाल्ले आणि उठला. पुढच्या खोलीतून मागच्या अंगणात, अंगणातून परत.

“अवो, काऊन फिरून राह्यले घरात?” मंजुश्रीने भाकरी थापता थापता विचारलं. “बसा ना एका जागी.”

“कलाबाई वानखडे गेली.”

“ऐकलं म्या. मयतीहून आल्यावर सांगतलं बायांनी.” तिने भाकरी परातीत फिरवली. मग म्हणाली, “रवीले तुम्ही गादी देल्ली नाई म्हणतात.”

“सील हाय कुलपावर. मॅडमची सही हाय.”

“म्या कुठी काय म्हणून राह्यली?” मंजुश्री म्हणाली. भाकरी तव्यावर टाकून तिने हात धुतले. “पण नाक्यावर सामान जमवाले लागले तवा तुम्ही कोणाले इचारलं व्हतं?”

प्रेमानंद रात्रभर कूस बदलत राहिला.

दुसरा दिवस शनिवार, सुट्टीचा. सकाळी नऊच्या सुमाराला दारात एक बाई येऊन उभी राहिली. चेहरा ओढलेला, पायात वेगवेगळ्या चपला. इस्लामपुऱ्यातल्या सरवरीबींची सून, गुलनाज. तिचा नवरा कलीम बुलढाण्याच्या दवाखान्यात आईजवळ होता.

“भाऊ, अम्मीले लकवा मारला. पंधरा दिवस झाले. आज सुट्टी देऊन राह्यले. बारा वाजता अँब्युलन्स येते घरी.” ती एका दमात बोलत होती. “डॉक्टर म्हणे, पहिल्या दिवसापासून हवेची गादी पाह्यजे, डोक्याकून वर होते तो पलंग पाह्यजे, नाई तर पाठ सडून जाईन. शकीलभाई म्हणे प्रेमानंदभाऊकडे जाय.”

“ताई, मंगळवारी—” प्रेमानंद म्हणाला.

पुढचे शब्द त्याला माहीत होते. उद्घाटन झालं की पहिला नंबर तुमचा. ते त्याच्या तोंडाशी आलेही. पण ते ह्या आधी एकदा कोणाला तरी सांगून झाले होते, आणि त्या माणसाने त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. गुलनाज त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. आत मंजुश्रीच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

“शकीलले म्हणा रिक्षा घेऊन नाक्यावर ये,” प्रेमानंद म्हणाला. “म्या येतो चावी घेऊन.”

सुट्टीचा दिवस असूनही ऑफिसच्या चौकीदाराने दार उघडलं. प्रेमानंदने ड्रॉवरमधून चावी काढली, सायकल मारत नाका गाठला. शकील मालवाहू ॲपे रिक्षा लावून उतारावर उभा होता. पन्नाशीचा, दणकट, भुवया वेल्डिंगच्या ठिणग्यांनी अर्ध्या उडालेल्या.

“मॅडमले फोन लावला?” शकीलने विचारलं.

“नाई.”

“लावा ना. भल्या बाई हायेत त्या.”

“म्हणूनच लावत नाई. हो म्हणल्या तर त्या अडकतात. नाई म्हणल्या तर पुऱ्या जिंदगीभर त्याईच्या मनाले लागते. माह्यं माह्यावर राहू दे.”

त्याने आधी ती पट्टी पाण्याने भिजवून सोडवायचा प्रयत्न केला. बाटलीतलं पाणी ओतलं, नखाने कड उचलली. शिक्क्याची शाई पसरली, सही फुटली, पण कागद निघेना. अकरा वाजत आले होते. शकील म्हणाला, “मी फाडू का?” प्रेमानंदने मान हलवली आणि स्वतःच दोन बोटांनी पट्टी ओढून फाडली. तिचे तुकडे घडी घालून शर्टच्या खिशात ठेवले. तेहेतीस वर्षांत त्याने ऑफिसचा कागद फाडलेला हा पहिलाच.

आत नव्या रंगाचा वास कोंडला होता. सगळ्या वस्तू रांगेने उभ्या, प्रत्येकीवर आणि तिच्यामागच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात नंबर. पलंग नंबर दोन, गादी नंबर एक. दोघांनी मिळून पलंग रिक्षात चढवला. सरवरीबींच्या घरी तो मांडून, गादीत हवा भरून, मशीनची पिन लावून होते न होते तोच गल्लीच्या तोंडाशी अँब्युलन्सचा आवाज आला. म्हातारीला पलंगावर घेतलं तेव्हा तिचा एक डोळा उघडा होता आणि तो सगळ्यांवरून फिरून प्रेमानंदवर थांबला.

“कौन है?” तिने जड जिभेने विचारलं.

“नगरपालिकेवाले हायेत, अम्मी,” गुलनाज म्हणाली.

परत नाक्यावर येऊन प्रेमानंदने दार ओढून घेतलं आणि कुलूप हातात धरून उभा राहिला. मग शकीलला म्हणाला, “यादीत अजून दहा नावं हायेत.”

“तर?”

“एकाले देल्लं तरी सील तुटलंच, अन् साऱ्याईले देल्लं तरी तुटलंच.”

शकील हसला. पहिल्यांदाच त्या दिवशी. “चला मंग.”

प्रेमानंदने वही काढली आणि फोन लावायला सुरुवात केली. दुपारी दोनपर्यंत ओळखपत्रवाल्यांपैकी सात जण आले. ज्याला त्याला कळत गेलं तसतशी यादीत नसलेली माणसंही आली, कोणी बैलगाडी घेऊन, कोणी मोटरसायकलवर खुर्ची आडवी धरून. कुणाचा बाप सहा महिने खाटेवर होता, कुणाची मुलगी अपघातातून उठून पहिल्यांदा उभी राहणार होती. प्रेमानंद उंबऱ्यात बसून नाव, गल्ली, वस्तूचा नंबर लिहीत होता. त्याचा हात भराभर चालत होता आणि गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा अक्षर सरळ येत होतं. पाच वाजता खोलीत एक केरसुणी आणि भिंतीवरचे नंबर तेवढे उरले.

सोमवारी साडेदहाला, बाईंनी पर्स टेबलावर ठेवायच्या आत तो केबिनमध्ये गेला. वही पुढे ठेवली. त्यावर पट्टीचे तुकडे ठेवले. सगळं सांगितलं.

बाईंनी तुकडे बघितले. वही उलटली.

“सगळं?”

“सगळं.”

“एखादी व्हीलचेअर तरी?”

“नाही, मॅडम.”

“उद्या अकरा वाजता मी त्यांना काय दाखवू, हिवाळे?” त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. “तुम्ही मला एक फोनसुद्धा करू शकला नाहीत.”

बाई खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या. “जा तुम्ही,” म्हणाल्या.

मंगळवारी पाहुणे आले, दीड वाजता. मांडवात दोनशे खुर्च्या आणि साठ माणसं होती. फीत कापली गेली, दार उघडलं, पाहुणे आत गेले आणि लगेच मागे वळले.

“अहो, हे तर रिकामं आहे!”

प्रेमानंद शेवटच्या रांगेत उभा होता. आता बाई त्याचं नाव घेतील, आणि ते बरोबरच असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

“हो, सर,” मुख्याधिकारी बाई म्हणाल्या. “साहित्य वापरात आहे. चौतीस वस्तू तेहेतीस घरी आहेत. ही नोंदवही.”

पाहुण्यांनी दोन पानं उलटली. बरोबरचा माणूस हळूच म्हणाला, “साहेब, फोटो मग कशाचा घ्यायचा?” थोडी चुळबूळ झाली. शेवटी फोटो दारापुढच्या उतारावर, स्वयंसेवकांबरोबर निघाला. शकील ओळखपत्र छातीवर सरळ करून पुढे उभा राहिला. सात-आठ मिनिटांत गाड्या शेगावच्या दर्शनाला निघून गेल्या. तेरा खोल्यांचं कोणीच काही बोललं नाही.

आठवड्याने कारणे दाखवा नोटीस आली. वरून विचारणा झाली होती, आणि पट्टीवरची सही बाईंची होती. त्यांनी प्रेमानंदला बोलावून नोटीस स्वतःच्या हाताने दिली. “तातडीची वैद्यकीय गरज होती एवढंच लिहा. मी मान्य करते. फाईल बंद होईल.”

प्रेमानंदने खुलासा लिहायला दोन दिवस घेतले. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला आणि खाली बसल्या.

“हे शेवटचं वाक्य काढा.”

तिथे लिहिलं होतं: ‘सदर सील मी शनिवारी तोडले. ते त्याच्या बारा दिवस आधी तोडावयास हवे होते, ते न केल्याबद्दल मी दोषी आहे.’

“हे तुम्हाला कोणी विचारलेलंच नाही,” बाई म्हणाल्या. “हे ठेवलं तर मला ताकीद द्यावी लागेल. चौदा महिने राहिलेत तुमचे.”

“राहू द्या, मॅडम.”

सेवापुस्तकात ताकीद चढली. खोलीचा समन्वयक म्हणून प्रेमानंदच्या जागी दुसरा माणूस नेमला गेला. तो कधी आला नाही. पण बाईंनी कुलूप मात्र परत लावलं नाही, आणि त्याबद्दल कोणाला काही बोलल्याही नाहीत.

महिनाभराने एका संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर प्रेमानंद नाक्यावर केर काढत होता. बसस्टँडकडून एक बाई रिकामी व्हीलचेअर ढकलत येताना दिसली. सत्तरीची असावी. खुर्चीच्या बसायच्या जागी कापडी पिशवी ठेवली होती. उतारावर येऊन ती थांबली आणि धाप लागली म्हणून तिने पदराने तोंड पुसलं.

“उंद्रीहून आली मी. अन्नपूर्णा म्हणतात मले. इथी खुर्च्या घेतात ना?”

“हो, घेतो. एवढी एस.टी.त आणली तुम्ही?”

“कंडक्टर चांगला व्हता. घडी करून मांगं ठेवू देल्ली.” तिने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. “आमचे हे गेले. सवा महिना झाला. धुऊन उन्हात वाळवून आणली. चाकात तेल टाकलं.”

प्रेमानंदने केरसुणी बाजूला ठेवली आणि खुर्ची घ्यायला पुढे झाला. तिने दांडे सोडले नाहीत.

“चार वर्षं मीच ढकलली,” ती म्हणाली. “अंगणात, दवाखान्यात, पाराजवळ. कधी बसली नाई हिच्यात. एक डाव बसून पाहू का?”

“बसा ना, काकू.”

तिने पिशवी उचलून खांद्याला लावली, हळूच टेकली, पाय एकेक करून खालच्या पट्ट्यांवर ठेवले आणि हात मांडीवर घेतले. समोरून मेहकरची बस गेली, मग एक ट्रॅक्टर. ती बघत राहिली. खाली सिमेंटचा उतार होता. खुर्ची पुढे सरकू नये म्हणून प्रेमानंद मागून दोन्ही दांडे घट्ट धरून उभा राहिला.